आप्पांसाठी वावर विकू नका, आणि भाचीच्या पोराला मागं ओढू नका

रावेर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, नमस्कार. माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय 63. चाळीस वर्षं तंबाखू-चुना चालू होता. डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. नाशिकला ऑपरेशन झालं, त्याला आज 24 दिवस झाले. रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा साफ आहेत, पण मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर सापडला. डॉक्टरांनी रेडिएशनचे 30 शेक सांगितलेत, नेहमीच्या मशीनवर, आणि ते सरकारी योजनेत बसेल म्हणाले. इकडं पुण्याच्या चुलतभावानं प्रोटॉन थेरपीचा व्हिडिओ पाठवला. त्यात म्हणे साइड इफेक्टच होत नाही. मग एका एजंटाचा फोन आला, 25 लाखांचं पॅकेज सांगितलं. दोन एकर केळीचं वावर विकायची बोलणी चालू आहेत, गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे. आप्पा म्हणतात, 'मले काई नको, वावर इकू नको.' कुणी म्हणतं, खारघरला टाटाचं प्रोटॉन सेंटर आहे, ते सेवाभावी आहे, तिथं फुकट होतं. काय करावं?

ता.क. माझ्या भाचीचा मुलगा सात वर्षांचा आहे, चोपड्याला असतो. डोक्यात मागच्या बाजूला गाठ होती, परळला टाटात ऑपरेशन झालं. मेडुलोब्लास्टोमा असं नाव आहे. त्याला डोक्याला आणि पाठीला शेक सांगितलेत, खारघरला प्रोटॉनसाठी पाठवतात. भाची-जावई थकलेत. म्हणतात, इकडंच जवळ साध्या मशीनवर घेऊ."

भाऊ, तुमच्या पत्रात दिवस मोजलेले आहेत, म्हणून सदराची वाट न बघता उत्तर आधीच तुमच्या फोनवर धाडलं. इथं देतेय ते बाकीच्यांसाठी, कारण व्हिडिओ एकट्या तुम्हालाच आलेला नाही.

आधी निर्णय सांगते, कारणं मागून. इसार घेऊ नका. आप्पांचे शेक डॉक्टरांनी सांगितलेल्या मशीनवर, सांगितलेल्या वेळेत सुरू करा. आणि तुम्ही ता.क. म्हणून जे खाली ढकललंत, तेच या पत्रातलं प्रोटॉनचं खरं प्रकरण आहे. अख्खं घर आप्पांसाठी प्रोटॉन शोधतंय आणि ज्याला तो दारात चालून आलाय त्याला नको म्हणतंय. थकव्यात असं होतं, कुणाला दोष देत नाही. पण उलटं चाललंय हे मात्र खरं.

आता हा प्रोटॉन काय प्रकार आहे ते बघू. आपल्याकडं ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात, ते बहुतेक ठिकाणी लिनॅक नावाच्या मशीनमधून येणारे जोरदार एक्स-रे असतात. एक्स-रे अंगात शिरतात, गाठीपर्यंत जातात आणि तिथं थांबत नाहीत, पलीकडून बाहेर पडतात. पाटानं पाणी सोडलं की आपलं वावर भिजवून ते पुढच्याच्या वावरातही जातं, तसं. प्रोटॉन हा कण आहे, त्याला वजन आहे. तो ठरावीक खोलीपर्यंत जातो, शेवटच्या टप्प्यात आपली बहुतेक शक्ती ओतून टाकतो आणि तिथंच संपतो. या शेवटच्या उसळीला ब्रॅग पीक म्हणतात. कणांचा हा गुण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माहीत होता. तो कॅन्सरवर वापरावा हे अमेरिकेच्या रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं 1946 मध्ये लिहून मांडलं, आणि 1954 मध्ये बर्कलेच्या प्रयोगशाळेत पहिल्या रुग्णांना प्रोटॉन दिले गेले. म्हणजे व्हिडिओत 'नवा शोध' म्हणून जे दाखवतात ते आप्पांपेक्षा वयानं मोठं आहे.

नवं आहे ते त्याचं आपल्याकडं येणं. भारतात पहिलं केंद्र 2019 मध्ये चेन्नईत सुरू झालं, ते खासगी. दुसरं टाटा मेमोरियल सेंटरचं, खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच संशोधन केंद्राच्या आवारात. ते मे 2023 मध्ये राष्ट्राला अर्पण झालं आणि त्याच वर्षी तिथं रुग्ण घ्यायला सुरुवात झाली. प्रोटॉनला वेग देणारं सायक्लोट्रॉन आणि रुग्णाभोवती फिरणारी गॅन्ट्री हा पसारा इतका मोठा असतो की एका गॅन्ट्रीचंच वजन शंभर टनांच्या घरात जातं. त्यासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींची इमारत वेगळी बांधावी लागते. एवढं महाग यंत्र उभं केलं की ते रिकामं ठेवून चालत नाही. अमेरिकेत पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं सॅन दिएगोचं एक केंद्र 2017 मध्ये दिवाळखोरीत गेलं, इंडियाना विद्यापीठाचं 2014 मध्ये बंद पडलं. तुमच्या चुलतभावाच्या फोनवर व्हिडिओ का येतो आणि एजंटाला तुमचा नंबर का हवा असतो, ते यातून समजून घ्या.

आप्पांचं बघू. गालाचा कॅन्सर काढून झालाय, कडा साफ आहेत, मानेच्या गाठींत थोडा गेला होता. अशा वेळी शेक देतात ते मागं राहिलेल्या न दिसणाऱ्या पेशींसाठी. साधारण 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या माऱ्याचं माप), 30 भागांत, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते जगभर चालतं तेच आहे. ज्या भागाला मारा द्यायचाय तो कातडीजवळचा आणि बराच रुंद, गालापासून मानेपर्यंत. आजच्या लिनॅकवर आयएमआरटी पद्धतीनं किरणांना आकार देऊन दुसऱ्या बाजूची लाळेची ग्रंथी, मणक्यातली मज्जारज्जू, डोळे हे सगळं बऱ्यापैकी वाचवता येतं. प्रोटॉननं संगणकाच्या नकाशावर आणखी थोडं वाचलेलं दिसेल, ते मी नाकारत नाही. पण आप्पांच्या आयुष्याची वर्षं त्यानं वाढतील असं म्हणायला आधार नाही.

मोठ्या चाचण्यांत काय दिसलं तेही सांगते, म्हणजे चुलतभावाला दाखवायला होईल. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर अमेरिकेत 450 पुरुषांत प्रोटॉन आणि आयएमआरटीची थेट तुलना झाली. 2024 मध्ये निकाल आला: दोन वर्षांनी आतड्यांच्या त्रासात फरक नाही. त्याच वर्षी घशाच्या कॅन्सरवरच्या 440 रुग्णांच्या चाचणीचे निकाल मांडले गेले. रोग आटोक्यात ठेवण्यात प्रोटॉन कमी पडला नाही आणि अन्नासाठी पोटात घालायची नळी कमी लोकांना लागली. म्हणजे फायदा काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नाही. पण ती चाचणी घशाची होती. तंबाखूनं झालेल्या, ऑपरेशन केलेल्या गालाला तिचा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

'साइड इफेक्ट नाही' हे तर साफ खोटं. ज्या जागेला मारा बसतो तिथली तोंडाची साल प्रोटॉननंही सोलते. कातडी तर कधी कधी जास्तच भाजते, कारण प्रोटॉन वरच्या थरातही बराच मारा ठेवतो. आणि एक गोष्ट व्हिडिओत कधीच नसते. प्रोटॉन मिलिमीटरच्या हिशेबावर चालतो. वजन उतरलं, सूज ओसरली, जबड्यात धातूची पट्टी असली की तो हिशेब हलतो आणि नकाशा पुन्हा करावा लागतो.

आप्पांचा जीव यंत्रापेक्षा तारखेवर जास्त अवलंबून आहे. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवेत. उशीर झाला की मागं राहिलेल्या पेशी वाढतात आणि शेकाचा उपयोग कमी होतो. 24 दिवस गेलेत. उरलेल्या अडीच आठवड्यांत दात बघायचेत, चेहऱ्याचा मास्क करायचाय, सीटी करायचाय, डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञांनी नकाशा आखायचाय. यालाच आठवडा-दहा दिवस जातात. त्यात तुम्ही वावराचा सौदा, खरेदीखत, पैसे हातात येणं, मग दुसऱ्या गावी नव्यानं केस पेपर, हे सगळं घालणार. दोन एकर जातील आणि वेळही जाईल.

मास्कची भीती अनेकांना वाटते म्हणून सांगते. जाळीचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा असतो, गरम पाण्यात टाकला की मऊ पडतो. ओला-कोमट असतानाच तो चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ओढून बसवतात आणि टेबलाला खटाखट अडकवतात. काही मिनिटांत कडक होतो. मग रोज त्याच मास्कमध्ये आप्पांना झोपवतील, म्हणजे मान रोज त्याच जागी राहील. जाळीतून श्वास व्यवस्थित घेता येतो. मिशा असतील तर त्याच दिवशी विचारा, नंतर काढल्या तर मास्क सैल बसतो.

डॉक्टरांना अजून एक विचारा: गाठींच्या कवचाबाहेर कॅन्सर आलाय का? रिपोर्टमध्ये ईएनई किंवा ईसीई असं लिहिलेलं असतं. असेल तर शेकाबरोबर केमोची सलाइन देतात. हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही आणि प्रोटॉनपेक्षा तो दसपट महत्त्वाचा आहे. दुसरं मत हवं असेल तर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण त्यासाठी आप्पांना फिरवू नका, कागद फिरवा. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' नावाची ऑनलाइन सेवा आहे. रिपोर्ट पाठवले की तज्ज्ञांचं लेखी मत येतं. ते येईपर्यंत इकडची तयारी चालू ठेवायची, थांबवायची नाही.

शेक कुठं घ्यायचे? सहा आठवडे रोज जायचंय, तेव्हा जिथं राहायची-जेवायची सोय नीट होईल तिथं. नाशिकला ऑपरेशन झालंय तर तिथंच सलग घेणं सरळ. नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, खान्देशातले कितीतरी लोक तिथं जातात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे आणि शेक त्यात येतात. रेशन कार्ड पांढरं असलं म्हणून दारातून परत फिरायचे दिवस गेले. आधार, रेशन कार्ड आणि बायोप्सीचा कागद घेऊन रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. ऑपरेशनसाठी कवचातली किती रक्कम खर्ची पडली तेही त्याच टेबलावर विचारून घ्या.

आता 'सेवाभावी म्हणजे फुकट' या गोष्टीकडं वळते, कारण इथं खूप गोंधळ आहे. नफा न कमावणारी संस्था म्हणजे उरलेला पैसा मालकाच्या खिशात जात नाही, संस्थेतच राहतो. बिल येतच नाही असा त्याचा अर्थ नाही. कॅलिफोर्नियाच्या लोमा लिंडा इथं 1990 मध्ये रुग्णालयात उभारलेलं पहिलं प्रोटॉन केंद्र सुरू झालं. ते एका ख्रिस्ती पंथाचं, ना-नफा तत्त्वावरचं, पण बिल तिथंही येतंच. टाटाची गोष्ट निराळी. 1941 मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशांतून परळचं रुग्णालय उभं राहिलं, 1957 मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडं आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडं गेलं. म्हणजे नाव टाटांचं, चालतं आपल्या करांवर. म्हणूनच तिथं जनरल आणि प्रायव्हेट असे दोन दर आहेत. जनरलचा दर खासगी रुग्णालयापेक्षा पुष्कळ खाली असतो, आणि तोही झेपत नसेल तर समाजसेवा विभाग ट्रस्टांची दारं दाखवतो. तिथं प्रोटॉन कुणाला द्यायचा हे मात्र पैशावरून ठरत नाही. ठरतं ते आजारावरून, आणि मला त्यांचं हेच पटतं. आप्पांना घेऊन गेलात तर बहुधा 'यांना लिनॅकच पुरे' असंच ऐकून परत याल.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांबद्दल एक नियम इथंच सांगून टाकते. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. पाटी लावलेली असते, बहुतेकदा कुंडीच्या मागं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा आणि मागा. भीक नाही ती.

आता चोपड्याच्या पोराचं. हा भाग भाचीला आणि जावयांना स्वतः वाचू द्या.

बाळांनो, मेडुलोब्लास्टोमा ही लहान मेंदूजवळची गाठ. तिच्या पेशी मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यातून खाली उतरू शकतात, म्हणून ऑपरेशननंतर सगळ्या डोक्याला आणि कंबरेपर्यंतच्या पाठीच्या कण्याला शेक द्यावे लागतात. साधारण धोक्याच्या गटात सगळीकडं 23.4 ग्रे आणि गाठीच्या जागी एकूण 54 ग्रे. या गटातली बरीच मुलं बरी होतात, दहात सात-आठ. आणि बरी होतात म्हणूनच प्रोटॉनचा प्रश्न येतो, कारण या पोराला पुढं साठ-सत्तर वर्षं काढायचीत.

पाठीवर एक्स-रे दिले की ते कण्यातून पुढं जातात: गळ्यातली थायरॉइड, हृदय, फुप्फुसं, जठर, आतडी. मुलीच्या बाबतीत अंडाशयही. सात वर्षांच्या अंगात हे सगळं वाढीला लागलेलं असतं. उलट्या, रक्तपेशी घसरणं हा आत्ताचा त्रास. हृदय, थायरॉइड आणि त्याच किरणांनी वीस-तीस वर्षांनी होऊ शकणारा दुसरा कॅन्सर हा नंतरचा. प्रोटॉन कण्याच्या पुढच्या कडेला थांबतो. पोटात, छातीत जवळपास काहीच जात नाही. कानाच्या आतल्या शंखालाही मारा कमी बसवता येतो, म्हणजे ऐकू येणं वाचण्याची शक्यता वाढते. आप्पांच्या बाबतीत जो फरक कागदावरचा होता, तो इथं मुलाच्या छाती-पोटातला आहे.

सगळं टळेल असं मात्र समजू नका. सगळ्या डोक्याला शेक बसणारच आहेत. अभ्यासाचा वेग, लक्ष, उंची, हार्मोन यांवर परिणाम होऊ शकतो आणि पुढं वर्षानुवर्षं तपासण्या लागतील. शिकण्याच्या बाबतीत प्रोटॉन घेतलेल्या मुलांचं जरा बरं दिसलं असे अभ्यास आहेत, पण शाळेत मास्तरांना सांगून ठेवावं लागेलच. आणि गाठ बरी होण्याची शक्यता दोन्ही मशीनवर सारखीच. त्यामुळं काही कारणानं खारघरची तारीख फारच लांब पडत असेल तर तिथल्याच डॉक्टरांना तोंडावर विचारा की थांबावं की लिनॅकवर सुरू करावं. इथंही ऑपरेशननंतरचे आठवडे मोजलेले असतात. तो निर्णय त्यांनी घ्यावा. चोपड्यात बसून थकव्यानं घेऊ नका.

थकवा मुख्यतः राहण्याचा आणि जाण्यायेण्याचा असणार. मुलासोबत राहण्यासाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, मुंबईत आहेत आणि खारघरलाही आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी गावाहून आलेल्या मुलाला आई-वडिलांसकट मोफत खोली मिळते, स्वयंपाकाची जागा असते, शिकवायला ताई येतात. तिथं स्वतः जाऊन नाव घालता येत नाही, रुग्णालयाकडूनच पाठवणं लागतं. तेव्हा टाटाच्या मुलांच्या ओपीडीतल्या समाजसेविकेला आजच फोन करून नाव लावायला सांगा. मुलांच्या खर्चासाठी टाटाचंच इम्पॅक्ट फाउंडेशन आहे, तेही तिलाच विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्याला 75 टक्के सवलत. रुग्णालयाचा सहीशिक्क्याचा फॉर्म आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. जळगावहून गाडीत बसा, ठाण्याला उतरा, तिथून पनवेलची लोकल थेट खारघरला थांबते. पोराला घेऊन दादरचा जिना चढायची गरज नाही.

सात वर्षांचा मुलगा टेबलावर एकटा हलल्याशिवाय पडून राहतो का, ही भीती आईला असते. लहानग्यांना रोज भूल देतात. पण या वयाची पुष्कळ मुलं थोड्या सरावानं भुलीशिवाय राहतात. घरी सतरंजीवर उताणं झोपवून, हात बाजूला, गोष्ट संपेपर्यंत न हलण्याचा खेळ आजपासून लावा. भूल टळली तर रोजचा उपास टळतो.

परत आप्पांकडं, थोडं घरचं. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून लाल होईल, मग पांढरे चट्टे, गिळताना आग. ठेचा, शेवभाजी, भरीत दोन-तीन महिने विसरायचं. ते कुरकुरतील, कुरकुरू द्या. पातळ मुगाची खिचडी, ताक, अंडं, आणि तुमच्या घरची केळी दुधात कुस्करून. गार, मऊ, उष्मांक भरपूर, याहून बरं अन्न या काळात नाही. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ गुळण्या. वजन दर आठवड्याला मोजा. उतरत असेल आणि डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले तर हो म्हणा, ती थोड्या दिवसांची असते. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दर आठवड्याला जमेल तशी एक वाढवायची. व्यायाम शेक चालू असतानाच सुरू करा, आखडल्यावर करून फार हाती लागत नाही. तंबाखूची पुडी घरात कुणाच्याच खिशात नको, तुमच्याही.

एजंटाला परत फोन करू नका. त्यानं मागितलेले रिपोर्ट पाठवले असतील तर असू द्या, पण टोकन म्हणून एक रुपयाही नको. चुलतभावाला वाईट वाटू देऊ नका. त्याला आप्पांसाठी काही करायचंय ना, तर सहा आठवड्यांतला एक आठवडा त्यानं नाशिकला येऊन रोज न्यायचं-आणायचं. केळीचा माल निघायच्या दिवसांत तुम्हाला घरी कुणीतरी मोकळं लागेलच.

आणि उद्या सकाळी पहिलं काम दातांच्या डॉक्टरांकडं. हलणारे, किडलेले दात काढायचे असतील तर शेक सुरू होण्याआधी. जखम भरायला दहा-पंधरा दिवस लागतात. शेक झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. वावराचं गिऱ्हाईक येणार असेल तर ते आल्यावर घरी कुणी नसलं तरी चालेल.